फोनवर वाय-फाय जोडलेले दिसते, पण इंटरनेट चालत नाही : दोष नेमका कोठे शोधावा?

खाडीकाठ :

नमस्कार. चिपळूणजवळ आमचे जांभ्या दगडाचे दुमजली घर आहे. फायबरच्या कंपनीने बसवलेला डबा खाली ओटीवर असून माडीवर रेंज पोहोचत नसल्यामुळे पावसाळ्यापूर्वी बाजारातून दुसरा राउटर आणवला. दुकानातील मुलाने खालच्या डब्यातून एक केबल वर नेऊन तो जोडून दिला. तेव्हापासून एक विचित्र त्रास सुरू आहे. फोनवर वाय-फायच्या सर्व काड्या भरलेल्या दिसतात, पासवर्डही मान्य होतो, परंतु खाली ‘जोडले आहे, इंटरनेट नाही’ अशी ओळ येते. वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू केले की कधी चालते, कधी चालत नाही. बाबांचा फोन सहसा घराबाहेर जात नाही आणि तो बहुतेक वेळा व्यवस्थित चालतो. माझा फोन मात्र बाजारातून परत आलो की हमखास रुसतो. आश्चर्य म्हणजे खालच्या डब्याशेजारी उभे राहिले तरी हीच गत होते. कंपनीच्या ग्राहक सेवेने ‘डबा बंद करून चालू करा’ याखेरीज काही सांगितले नाही. दोष फोनचा आहे, राउटरचा की फायबरचा, हे ठरवायचे कसे?

तारयंत्र :

आपण दिलेल्या वर्णनातच बरेचसे उत्तर दडलेले आहे असे मला वाटते, परंतु अंदाजावर औषध देण्यापूर्वी दोन आकडे हवेत.

फोनवरील काड्या फक्त फोन आणि जवळचा राउटर यांच्यातील रेडिओची ताकद सांगतात. त्यानंतर पासवर्डची ओळख पटते, मग राउटर फोनला एक आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला त्याचा ओळखीचा आकडा, देतो, बाहेर जाण्याचे दार कोणते तेही सांगतो आणि शेवटी संकेतस्थळांची नावे आकड्यांत बदलून देणारा डीएनएस कामाला लागतो. ‘इंटरनेट नाही’ हा निष्कर्ष फोन एका छोट्या चाचणीवरून काढतो. अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर विनंती पाठवतो आणि तेथून २०४ या क्रमांकाचे रिकामे उत्तर आले तरच इंटरनेट आहे असे मानतो. आयफोन अ‍ॅपलच्या पानाकडून अशीच खूण मागतो. म्हणजे ती ओळ दिसते तेव्हा रेडिओ आणि पासवर्ड हे टप्पे पार पडलेले असतात आणि घोटाळा त्यापुढे असतो.

कृपया असे करा. फोन चालत असताना सेटिंग्जमध्ये आपल्या वाय-फायच्या नावापुढील चक्राच्या चिन्हावर, आयफोन असल्यास गोलातील निळ्या चिन्हावर, टिचकी द्या आणि तेथे दिसणारा आयपी पत्ता आणि गेटवे अथवा राउटर या नावाखालील (म्हणजे त्या बाहेरच्या दाराचा) पत्ता लिहून घ्या. बंद पडल्यावर तीच दोन्ही माहिती पुन्हा घ्या आणि येथे द्या. हे पत्ते घरातल्या घरात वापरायचे असल्यामुळे जाहीर लिहिण्यात धोका नाही.

तोपर्यंत राउटरच्या मागील बारीक छिद्रातले रीसेटचे बटण दाबू नका. डबा बंद करून सुरू करणे निराळे आणि रीसेट करणे निराळे. काही जोडण्यांमध्ये कंपनीने दिलेले वापरकर्ता नाव व पासवर्ड डब्यातच भरलेले असतात. रीसेटमुळे ते पुसले गेले, तर आज अधूनमधून चालणारे इंटरनेट कंपनीचा माणूस येईपर्यंत पूर्णपणे बंद राहील.

खाडीकाठ :

माहिती घेतली. चालत असताना पत्ता १९२.१६८.१.३४ आणि गेटवे १९२.१६८.१.१ असा दिसतो. बंद पडल्यावर पत्ता १९२.१६८.०.१०२ आणि गेटवे १९२.१६८.०.१ असा होतो. दोन्ही वेळा मी ओटीवरच होतो आणि फोन खालच्याच नावाच्या वाय-फायला जोडलेला होता. डब्यावरील लाल दिवा लागत नाही.

तारयंत्र :

मग फायबर आणि फोन दोघेही निर्दोष सुटले. एलओएस असे लिहिलेला दिवा लाल झाला असता, तर फायबरमधून प्रकाशच पोहोचत नाही असे समजून कंपनीला बोलवावे लागले असते. येथे तसे काही नाही. आपल्या घरात पत्ते वाटणारे दोघेजण आहेत, हे या गोंधळाचे मूळ आहे.

पत्ते वाटण्याच्या या कामाला डीएचसीपी म्हणतात. घराच्या एका जाळ्यात ते काम एकानेच करायचे असते. कंपनीचा डबा ते करतोच. नवा राउटरही कारखान्यातून निघताना त्याच कामासाठी सज्ज असतो. दुकानातील मुलाने वर नेलेली केबल नव्या राउटरच्या वॅन (बाहेरचे इंटरनेट आत घेणाऱ्या) पोर्टऐवजी लॅन (घरातली उपकरणे जोडण्याच्या) पोर्टमध्ये खोचली असावी. त्यामुळे दोन्ही उपकरणे एकाच जाळ्यात आली. फोन घरात शिरताच ‘मला पत्ता द्या’ अशी हाक देतो, ती केबलवरून दोघांपर्यंत पोहोचते आणि ज्याचे उत्तर आधी येते त्याचा पत्ता फोन स्वीकारतो. माडीवरच्या राउटरने उत्तर दिले, तर तो स्वतःलाच बाहेरचे दार म्हणून सांगतो. पण त्याच्या वॅन पोर्टला काहीच जोडलेले नसल्यामुळे ते दार भिंतीत उघडते. आपण खालच्या डब्याशेजारी उभे असतानाही असे का होते, याचा उलगडा यातून होतो. बाबांचा फोन एकदा योग्य पत्ता मिळाल्यावर त्याच डब्याकडून मुदत वाढवून घेत राहतो. आपला फोन मात्र प्रत्येक वेळी नव्याने हाक देतो.

खात्री करायची असेल तर माडीवर गेलेली केबल थोडा वेळ काढून ठेवा आणि सर्व फोनांचे वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करा. सगळे सुरळीत चालले तर निदान पक्के झाले.

आता दुरुस्ती. नव्या राउटरच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’, म्हणजे स्वतः पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पसरवणारा, असा प्रकार निवडण्याची सोय असेल तर तोच निवडा. बाकीचे तो स्वतः जुळवतो, फक्त केबल कोणत्या पोर्टात हवी ते त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्या. तशी सोय नसेल तर हाताने करावे लागेल आणि तेथे क्रम महत्त्वाचा आहे. केबल काढलेली असतानाच फोन वरच्या वाय-फायला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा. प्रथम त्या राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. तो पुन्हा सुरू झाल्यावर नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी बंद करा. पुष्कळजण उत्साहाने डीएचसीपी आधी बंद करतात. केबल परत लावल्यावर फोनला खालच्या डब्याकडून १९२.१६८.१ या मालिकेतला पत्ता मिळतो, वरचा राउटर १९२.१६८.० या मालिकेतच राहतो आणि त्याच्या सेटिंग्जचे पान काही केल्या उघडत नाही. खालचा डबा १९२.१६८.१.२ हा पत्ता दुसऱ्या कोणाला देत नाही ना, हे त्याच्या वाटपाच्या यादीत पाहून घ्या. सर्व झाल्यावर केबल पुन्हा लॅन पोर्टमध्येच लावा.

अवकाळी :

एवढा खटाटोप करण्यापेक्षा केबल लॅनमधून काढून वॅन पोर्टमध्ये लावली तरी काम होईल. दोघांच्या मालिका वेगळ्या आहेतच. पाच मिनिटांचे काम आहे.

तारयंत्र :

इंटरनेट सुरू होईल, हे अगदी मान्य. परंतु मग माडीवरची उपकरणे एका जाळ्यात आणि ओटीवरची दुसऱ्या जाळ्यात राहतील. वरच्या फोनवरचा व्हिडिओ खालच्या टीव्हीवर पाठवता येणार नाही आणि माडीवरच्या वाय-फायला जोडलेला प्रिंटर खाली असलेल्यांना सापडणार नाही. शिवाय जिना उतरताना फोनचा पत्ता बदलल्यामुळे चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटेल. एकट्या भाडेकरूच्या खोलीसाठी आपला उपाय उत्तम आहे. एकत्र कुटुंबाच्या घरासाठी मी तो सुचवणार नाही.

खाडीकाठ :

वरच्या केबलची चाचणी केली आणि निदान खरे ठरले. नंतर आपण सांगितलेल्या क्रमाने बदल केले. माझा, बाबांचा आणि भावाचा फोन आता दोन्ही मजल्यांवर चालतो. मनःपूर्वक आभार.

मात्र आईचा फोन अजूनही हटून बसला आहे. तिला १९२.१६८.१.४१ हा पत्ता मिळतो, गेटवेही योग्य आहे, तरी ‘इंटरनेट नाही’ हीच ओळ येते. मोबाइल डेटावर तोच फोन उत्तम चालतो. वाय-फाय विसरून पुन्हा पासवर्ड टाकून पाहिला, उपयोग झाला नाही.

सुरंगी :

आईंचा फोन अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जच्या शोधपेटीत ‘डीएनएस’ असे टाकून पाहा. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, ‘खाजगी डीएनएस’ किंवा ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची सोय आली आहे. तेथे ‘बंद’, ‘आपोआप’ आणि ‘सर्व्हरचे नाव’ असे पर्याय असतात. जाहिराती दिसू नयेत म्हणून घरातील एखाद्या उत्साही भाच्याने तेथे एखाद्या जाहिरातरोधक सेवेचे नाव भरून ठेवलेले असते आणि फोनच्या मालकिणीला त्याचा पत्ताही नसतो.

नाव भरले की फोन हट्टाने त्याच सेवेकडे, तीही ८५३ क्रमांकाच्या पोर्टमधून (हे केबलचे भोक नव्हे, जोडणीतला एक क्रमांकित मार्ग), जातो. घरच्या जोडणीवर ते पोर्ट अडवलेले असेल किंवा ती सेवा तेथून पोहोचण्याजोगी नसेल, तर फोन राउटरच्या साध्या डीएनएसकडे वळत नाही, तो सरळ ‘इंटरनेट नाही’ असे सांगून मोकळा होतो. मोबाइल कंपनीच्या जाळ्यात ते पोर्ट खुले असल्यामुळे डेटावर सारे ठीक चालते. पर्याय ‘आपोआप’ वर आणा. त्यात फोन सुरक्षित मार्ग मिळतो का ते पाहतो आणि न मिळाल्यास साध्या मार्गाने जातो.

तेथे काहीच भरलेले नसेल तर एखादे व्हीपीएन अ‍ॅप (फोनची सारी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारे) सतत सुरू ठेवलेले आहे का, हेही पाहा. आयफोनवर खाजगी डीएनएसची अशी सोय मुख्य पानावर नसते, पण बाहेरून बसवलेली प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्ज बदलणारी फाइल, हाच परिणाम घडवू शकते.

खाडीकाठ :

सुरंगीताई, आपले निदान अचूक निघाले. तेथे खरोखरच एक लांबलचक नाव भरलेले होते. ‘आपोआप’ केल्याबरोबर आईचे भजनांचे व्हिडिओ सुरू झाले. भाच्याची चौकशी गणपतीत घरी आल्यावर करण्यात येईल.

रापण :

धागा उपयुक्त असल्यामुळे येथेच विचारतो. मालवणजवळ आमचे पाहुण्यांसाठी छोटे निवासस्थान आहे. एरवी वाय-फाय उत्तम चालते. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत मात्र नव्याने आलेल्या पाहुण्यांचे फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ या पायरीवरच अडकतात. आधी आलेल्यांचे चालू असते. एका पाहुण्याच्या आयफोनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला. इंटरनेटचा वेग वाढवून घेतला, तरी फरक पडला नाही.

तारयंत्र :

वेग वाढवण्यासाठी दिलेले पैसे या कारणाने वाया गेले. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता राउटर देत नाही. राउटरकडून काहीच उत्तर आले नाही की उपकरण स्वतःच तो धारण करते. तो पत्ता दिसला की वेग, फायबर, डीएनएस यांचा विचारच करू नये. पत्ते वाटणाऱ्याकडे पत्ता शिल्लक नाही किंवा तो ऐकतच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर वाटपाची सुरुवात, शेवट आणि मुदत दिलेली असते. समजा वाटप १०० पासून १४९ पर्यंत आहे आणि मुदत २४ तासांची आहे. सकाळी निघून गेलेल्या पाहुण्यांच्या फोनांनी घेतलेले पत्ते त्यांची मुदत संपेपर्यंत अडकून राहतात आणि दुपारी आलेल्यांना काही उरत नाही. त्यात आता आणखी भर पडली आहे. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा हार्डवेअर पत्ता लपवून प्रत्येक वाय-फाय नावासाठी एक बनावट पत्ता वापरतात. खासगीपणासाठी हे चांगलेच आहे, पण आपण खोलीगणिक वाय-फायचे नाव वेगळे ठेवले असेल, तर अंगणातून खोलीत गेलेला एकच फोन राउटरला दोन वेगवेगळे फोन वाटतो आणि दोन पत्ते खातो.

वाटप २० पासून २५० पर्यंत वाढवा, मुदत दोन तासांवर आणा आणि सर्व ठिकाणी वाय-फायचे नाव व पासवर्ड एकच ठेवा. तरीही अडले, तर आपल्या डब्याची एका वेळी किती उपकरणे सांभाळण्याची मर्यादा आहे ते त्याच्या माहितीपत्रकात पाहा. घरगुती डबे गर्दीसाठी बनवलेले नसतात आणि तेथे सेटिंग्जचा इलाज चालत नाही, चांगले उपकरणच घ्यावे लागते.

पैलतीर :

मी न्यू जर्सीत राहतो आणि पुण्याला आलो की एक वेगळीच अडचण येते. घरातील सर्वांच्या फोनवर आमचे वाय-फाय दिसते, माझ्या फोनच्या यादीत ते नावच येत नाही. शेजाऱ्यांची नावे मात्र दिसतात. फोन बिघडलेला नाही, कारण कॅफेमध्ये तो लगेच जोडला जातो.

अवकाळी :

हा रेडिओचा प्रश्न असल्यामुळे मी उत्तर देतो. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये भारतात १ ते १३ या क्रमांकांचे चॅनेल वापरता येतात. अमेरिकेत व्यवहारात १ ते ११ वापरले जातात आणि तेथे विकले जाणारे अनेक फोन १२ व १३ कडे पाहतच नाहीत. आपल्या घरचा राउटर ‘ऑटो’वर असून त्याने गर्दी टाळण्यासाठी १३ निवडला असेल, तर ते नाव आपल्या फोनला दिसणार नाही. चॅनेल १, ६ किंवा ११ वर पक्का करा. एकमेकांत न मिसळणारे तीनच चॅनेल म्हणून तसेही हेच निवडावेत. ३ किंवा ४ निवडल्याने दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची गर्दी आपल्या वाट्याला येते. २.४ मध्ये चॅनेलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

फक्त ५ गिगाहर्ट्झचे नाव गायब होत असेल, तर कारण वेगळे असू शकते. ५२ ते १४४ या क्रमांकांचे चॅनेल रडारही वापरतात. तेथे प्रसारण सुरू करण्यापूर्वी राउटरला साधारण एक मिनिट ऐकत थांबावे लागते, काही चॅनेलांवर दहा मिनिटे, आणि रडार ऐकू आले तर चॅनेल सोडावा लागतो. राउटर सुरू केल्यावर लगेच नाव दिसले नाही म्हणून माणसे तो पुन्हा बंद करतात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढील चॅनेल निवडल्यास ही कटकट राहत नाही.

पैलतीर :

राउटर १३ वरच होता. ६ केल्याबरोबर नाव दिसू लागले. धन्यवाद.

खाडीकाठ :

अवकाळी, आपण रेडिओचे जाणकार आहात म्हणून शेवटची शंका विचारतो. वर आणि खाली नाव एकच ठेवले, तर माडीवर गेल्यावरही फोन खालच्याच डब्याला चिकटून राहतो आणि फार मंद चालतो. नावे वेगळी ठेवावीत का?

अवकाळी :

नावे एकच ठेवा, ताकद कमी करा. हे उलटे वाटेल, पण कारण ऐका.

कोणत्या राउटरला जोडायचे हा निर्णय फोन घेतो, राउटर नव्हे. आणि हातातले सोडून दुसरे धरायला फोन सहसा तयार नसतो, संकेत बराच क्षीण होईपर्यंत तो वाट पाहतो. काड्या पाहून हे समजत नाही, म्हणून आकडा पाहावा. अँड्रॉइडवर वाय-फाय तपासणारे एखादे मोफत अ‍ॅप घ्या. आयफोनवर अ‍ॅपलच्या ‘एअरपोर्ट युटिलिटी’ अ‍ॅपमधील स्कॅनर सेटिंग्जमधून सुरू करावा लागतो. आकडा उणे डीबीएममध्ये (संकेताची ताकद मोजण्याच्या एककात) येतो आणि शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ च्या आसपास हवा, उणे ८० च्या पलीकडे फोन जोडलेला राहतो पण काम करत नाही. दर ३ डीबीने ताकद निम्मी होते, त्यामुळे उणे ६७ आणि उणे ७६ यांतला फरक दिसतो त्यापेक्षा फार मोठा, म्हणजे आठपटीचा असतो.

ओटीपासून माडीकडे फोन हातात घेऊन सावकाश चढा आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर आकडा पाहा. जांभ्याची जाड भिंत संकेत बराच खाते आणि पावसाळ्यात ओल धरली की आणखी खाते, कारण पाणी या लहरी शोषून घेते. उन्हाळ्यात जुळवलेली मांडणी आषाढात बिघडली तर नवल वाटू देऊ नका. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा भिंतीपुढे २.४ पेक्षा लवकर हात टेकतात. लोखंडी कपाट किंवा पाण्याची टाकी राउटर आणि खोली यांच्या मध्ये असेल, तर राउटर दोन हात सरकवल्यानेही आकडा सुधारतो. तो कपाटाच्या डोक्यावर किंवा टीव्हीच्या मागे ठेवण्याची आपल्याकडची पद्धत दिसायला नीटनेटकी असली तरी रेडिओच्या दृष्टीने वाईट आहे.

आता खालच्या डब्याच्या वाय-फाय सेटिंग्जमध्ये प्रसारणाची ताकद ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणा. जिना संपेपर्यंत खालचा आकडा उणे ७५ च्या खाली गेला, की फोन आपणहून वरचा राउटर धरेल. दोन्हींची नावे, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तंतोतंत सारखा हवा. एकीकडे डब्ल्यूपीए२ आणि दुसरीकडे डब्ल्यूपीए३ ठेवले, तर काही फोन अदलाबदलीच्या वेळी अडखळतात. घरात जुने फोन असतील तर दोन्हीकडे डब्ल्यूपीए२ ठेवणे सोयीचे. चॅनेल मात्र वेगळे ठेवा : खाली १, वर ११.

खाडीकाठ :

ताकद कमी केली. जिन्याच्या वरच्या पायरीवर आकडा उणे ७८ होतो आणि दोन-तीन सेकंदांत फोन वरच्या राउटरवर जाऊन उणे ४९ दाखवतो. बाबांचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल चालू असताना त्यांना खालून वर चालवून पाहिले. आवाज क्षणभर खरखरला, कॉल तुटला नाही.